पंधराशे पानं

वजनकाट्यावरची पावती सकाळपासून तिसऱ्यांदा अर्ध्यात अडकली, तेव्हा साखर कारखान्याचे शेतकी अधिकारी जळबाजी स्वतः कॉम्प्युटरच्या खोलीत आले. बाहेर दीडशे बैलगाड्या खोळंबल्या होत्या. बैल जुवाखाली उभे आणि ऊस उन्हात वाळत होता.

"पावतीचा प्रोग्राम हिचा हाये, सायेब," खोलीचा प्रमुख प्रभू म्हणाला. "सगळी मेमरी त्योच खाऊन राहिला. मी तवाच म्हणलं व्हतं."

तो तेव्हा काहीही म्हणाला नव्हता. पण खुर्ची ज्याची, त्याचं सगळं म्हणून झालेलंच असतं.

"आता पावती अडकली तर उद्यापासून येऊ नको," जळबाजी कोपऱ्यात बसलेल्या, पावतीचा प्रोग्राम लिहिणाऱ्या निताला म्हणाले. आवाज चढवला नाही. हंगामी माणसाला काढायला कारखान्यात कागदसुद्धा लागत नाही.

निता सर्व्हरचे आकडे उघडून बसली. तिला संताप आला होता, आणि संतापात तिची बोटं नीट चालत. चार जीबीच्या मशीनमधली तीन जीबी मेमरी मोठ्या पानांत, म्हणजे सलग तुकड्यांत, बांधून ठेवलेली होती. दोन-दोन एमबीची पंधराशे पानं. कर्नल म्हणजे मशीनचा कारभारी. सुरू होतानाच सांगून ठेवलं, की तो अशी पानं बाजूला काढतो आणि मग दुसऱ्या कुणाला शिवू देत नाही. डाटाबेस पळावा म्हणून प्रभूनंच मागच्या आठवड्यात ती काढून ठेवली होती. निताने खालची ओळ वाचली. त्यातली रिकामी पानं: पंधराशे.

"सर, डाटाबेसनं एक बी पान घेतलं न्हाई. त्याला ती घ्यायची परवानगीच तुमी दिली न्हाई. त्यो बी उरलेल्या एका जीबीत समद्यांसंगं रेटारेटी करून राहिला."

"मला शिकवू नको. तुझ्या तांड्यावर जाऊन शिकीव."

खाईना आणि खाऊ देईना, त्यातली गत. जागा पुरेनाशी झाली की कर्नल एखादा प्रोग्राम मारून टाकतो, आणि आठवडाभर निताचाच प्रोग्राम मरत होता. तिनं परवानगी मागितली नाही. पंधराशेच्या जागी शून्य लिहिलं आणि एंटर दाबलं. बांधलेली जागा सगळ्यांना मोकळी झाली.

काट्यावरचा प्रिंटर करकरला. एक पावती निघाली, मागोमाग दुसरी. गाड्या हलल्या. जळबाजी तसेच बाहेर पडले आणि प्रभू त्यांच्या मागं धावला.

चार वाजता दोघं परत आले. प्रभूच्या तोंडावर आता तेज होतं.

"व्हतं तसं कर. सायबांसमोर पंधराशे टाक."

"आता न्हाई भेटायची, सर. जागा हाये, पण सलग न्हाई. लहान कामं जिथं तिथं पसरली. तांड्याचे बैल उतरवायला एकच माळ लागतो. शंभर बांधांवरचे तुकडे मिळून भागत न्हाई. मशीन बंद करून चालू केली तरच..."

"काटा चालू असताना मशीन बंद? टाक म्हणलं ना."

तिनं टाकलं. कर्नलनं शोधून शोधून सापडतील तेवढी दिली. पडद्यावर आकडा आला: अकरा.

पान म्हणजे काय, हे जळबाजींना अजूनही कळलं नव्हतं. पंधराशे आणि अकरा मात्र कळत होतं.

"बघा सायेब," प्रभू म्हणाला, "मी आठ दिवस सांभाळली. एका पानाला धक्का लागू दिला न्हाई. हिनं एका दुपारीत घालवली."

जळबाजींनी मान हलवली. त्यांचं ठरलं होतं, हे निताला त्या मान हलवण्यावरूनच समजलं.

"काहून गप? एवढी पानं गेली कुठं?" त्यांनी विचारलं.

निता उठली. डब्याची पिशवी खांद्याला अडकवली. खिडकीबाहेर गाडीतळावर शेवटच्या सात-आठ गाड्या उरल्या होत्या.

"वापरली," ती म्हणाली.