नाती लिहीत नाहीत

"मामाचं गाव ऱ्हायलं का गं?" मुक्तानं विचारलं, तेव्हा रेश्माचा अंगठा मोबाईलवरच थांबला.

मुक्तानं सगळं कागदावर लिहून आणलं होतं. वर श्रीगणेश, खाली उंची, रंग, देवक आणि पाहुण्यांची आडनावं. बायोडाटा म्हणजे तिला लग्नाचाच माहीत. घोडेगावात नव्या निघालेल्या शाळेला बालवर्गासाठी ताई हवी होती. थोरल्या जावेचा अर्ज आपण करून देऊ, हे रेश्मानं आपणहून काढलं होतं. सासूबाई तर शेजारी सांगून आल्या, जावा असाव्यात तर अशा.

रेश्माला मुक्ताअक्का घराबाहेर हव्या होत्या. निदान शाळेच्या वेळेपुरत्या.

ओंकार जन्मला तेव्हा रेश्माचं बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष चालू होतं. ती सकाळच्या एसटीनं नगरला जायची आणि पोर मुक्ताच्या मांडीवर राहायचं. मुक्ताला मूल नव्हतं. रेश्मा पास होऊन घरी बसली, तोवर पोरानं आपलं आपण ठरवून टाकलं होतं. घरचे मुक्ताला त्याची 'मोठी आई' म्हणत. त्यातलं 'मोठी' त्याला जमेना. आई तेवढं राहिलं. लोक हसत. रेश्माही हसायची, आणि मोरीत जाऊन भांडी आपटत घासायची.

तिनं कागद बाजूला सारला.

"अक्का, नोकरीच्या बायोडाटात नाती लिहीत नाहीत. काम लिहितात."

काम एवढंच की लग्नाआधी राजूरला वर्षभर बालवाडीत मदतनीस. एका ओळीत संपलं. मेहनती, प्रामाणिक, होतकरू हे सगळेच लिहितात, ते रेश्मानं घातलंच नाही. पुढचं मुक्ताला विचारावं लागलं नाही. स्वयंपाकघराच्या दारातून रोज तेच तर बघत आली होती. 'न जेवणाऱ्या मुलाला गोष्ट सांगत वाटीभर वरणभात भरवते. रडणाऱ्या मुलाला न रागावता, मोबाईल न देता शांत करते. हट्टाच्या वेळी आवाज चढवत नाही.' एकेक ओळ ती खोडून पुन्हा लिहीत होती. पण एकही ओळ खोटी नव्हती.

मुक्ता लाजली. "आगं पन हे सगळं ओंक्याचंच हाय. पोर तुझं हाय, तेवढं तरी लिही की."

"नाती नाही लिहायची, सांगितलं ना." रेश्माच्या आवाजाला धार आली. अर्ज गेला.

मुक्ता मुलाखतीला गेली त्या दिवशी ओंकार उंबऱ्यावर बसून रस्ता बघत राहिला. रेश्मानं तीच वाटी घेतली, तीच गोष्ट सांगितली, आवाजही तसाच काढून पाहिला. त्यानं तोंड फिरवलं. होईल सवय, ती स्वतःला म्हणाली. नोकरी लागली की दिवस आपलाच आहे.

मुक्ता आली ती पेढे घेऊनच. बाकीच्यांचे अर्ज मॅडमनी नुसते चाळले, हा मात्र शेजारच्या बाईंना मोठ्यानं वाचून दाखवला म्हणे. नोकरी पक्की. रेश्मानं पेढा तोंडात टाकला. कितीतरी दिवसांनी तिला काही गोड लागलं.

मुक्ता मात्र बसेना. पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली.

"कुनाला भरवता म्हनून इचारलं, मी ओंक्याचं नाव सांगितलं. त्यान्ला वाटलं, ओंक्या माझाच हाय. म्हनल्या, असं वाढवलेलं पोर पहिलं आमच्या वर्गात पायजे. सोमवारपासून संगंच घेऊन या, फी न्हाई. मी सांगनार हुते गं. पन त्याच्यावरच तर घेतलंय मला. न्हाई सांगवलं."

ओंकार एव्हाना तिच्या कडेवर चढला होता.

शाळेत जाऊन एक वाक्य बोललं की झालं असतं. पण मग नोकरी गेली असती, आणि अक्का पुन्हा दिवसभर घरात. रेश्माला दोन्ही तऱ्हेचे दिवस दिसले. दोन्हींत पोर त्याच कडेवर होतं.

"तू तेवढी शाळेकडं येऊ नको," मुक्ता हळूच म्हणाली. "तुला बघून पोर काय बोललं, तर त्यान्ला कळंल."

रेश्मानं ओंकारच्या गालावरचा पेढ्याचा कण पुसला.

"नाही कळणार, अक्का," ती म्हणाली. "तो मला रेश्माच म्हणतो."