पुढच्या खिडकीची खोली

लढाई संपली आणि इटलीहून निघालेल्या जहाजावर साहेबाने कडेगावच्या हवालदार हंबीररावाला आपल्या आठ जवानांसाठी जागा निवडायला सांगितली. एक जागा मागच्या अंगाला होती, ऐसपैस आणि हवेशीर. दुसरी जहाजाच्या अगदी तोंडाशी. लढाईआधी तिथे एखादा लक्षाधीश बायकोला घेऊन राहायचा. आता त्या आलिशान खोलीत लोखंडी खाटा एकावर एक ठोकल्या होत्या आणि पाय ठेवायला जागा नव्हती. पण तिच्या मोठ्या खिडकीतून थेट पुढचा समुद्र दिसायचा.

"हीच द्या," हंबीरराव म्हणाला. "घर सोडून लय दिस झालं. मुंबईचा किनारा पयला आमाला दिसला पायजे."

खिडकीजवळची खाट जवानांनी त्यालाच दिली. तेरा दिवस तो पाण्याकडे बघत बसून होता. डोळा लागला तरी दचकून उठायचा आणि एकेकाचं नाव घेऊन सगळे आहेत ना, ते बघायचा.

चौदाव्या दिवशी सकाळी किनाऱ्याची रेघ दिसली. सगळे खिडकीशी धावले. हंबीरराव मात्र भिंतीकडे तोंड करून गाढ झोपला होता. आष्ट्याचा जोतिबा त्याला हलवायला वाकला.

"आवं हवालदार, मुंबई आली."

गुंडा नावाच्या दुसऱ्या जवानाने जोतिबाचा हात धरला.

 

"ऱ्हाऊ दे रं गड्या. चार वर्सांत आज पयल्यांदा ते बुटं काढून झोपल्यात."