मामाच्या दोन फिल्म

डॉक्टरांनी मामाच्या यकृताच्या सोनोग्राफीच्या दोन फिल्म खिडकीच्या काचेवर धरल्या आणि आजारी भाची मामाशेजारच्या खुर्चीत पुढे सरकली. तीन महिन्यांपूर्वीच्या फिल्ममध्ये यकृत चरबीने पांढरंफटक दिसत होतं. “एवढ्या चरबीचं यकृत हिला बसवता येणार नाही,” असं तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं आणि दुसरा दाता नव्हता. आजच्या फिल्ममध्ये ते स्वच्छ करडं दिसत होतं. “अकरा किलो उतरवलेत! कोणतं डाएट केलंत?” डॉक्टरांनी मामाला विचारलं. “डाएट कसलं डॉक्टर! आमची आई जेवायची तसं घरचंच दोनदा जेवलो, दिवस मावळायच्या आत. माझ्या बेकरीत रोज पायी गेलो, पीठ मशीनऐवजी हातांनी मळलं.” “आणि केक?” भाचीने डोळे वटारले. “रोज भाजले, पण बोटसुद्धा चाटलं नाही. तुझी शपथ!” “मग सोमवारी शस्त्रक्रिया,” डॉक्टर म्हणाले. भाची काचेपाशी गेली. त्या करड्या आकारातला कोणता भाग आपल्या पोटात येणार, ते ती हात टेकून शोधत राहिली.