घरचा नंबर

एक इंजिन बंद पडलेलं विमान कॅप्टनने अलगद धावपट्टीवर टेकवलं, आणि एकशे बासष्ट प्रवाशांचा जीव भांड्यात पडला. खाली उतरताच प्रत्येकाने घरी फोन लावला. कुणी नुसतं रडत होतं, कुणी "अगं, ठीक आहे गं मी!" म्हणून ओरडत होतं.

कॅप्टन कॉकपिटमध्ये एकटाच रिपोर्ट लिहीत बसला. को-पायलटसुद्धा बाहेर जाऊन आईशी बोलत होती. तेवढ्यात त्याच्या बॅगेत तळाशी फोन वाजला. बायको जाऊन वर्ष झालं होतं, तरी तिचा फोन तो रोज चार्ज करून सोबत ठेवायचा. कंपनीच्या कागदावर घरचा नंबर अजून तोच होता.

"ऑफिसमधून बोलतेय," पलीकडची मुलगी म्हणाली. "टीव्हीवर काहीबाही दाखवतील, म्हणून आधीच कळवतेय. कॅप्टन सुखरूप आहेत, काळजी करू नका. आपण त्यांच्या घरचेच ना?"

"हो, घरचाच."

"त्यांना काही निरोप द्यायचाय?"

त्याने पेन खाली ठेवलं.



"म्हणावं, सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या. आधी चार घास खाऊन घ्या."