देवाची सहाण

नागावच्या हरेश्वरने मोडक्या होडीच्या फळीचं बाक केलं, छत्रीच्या काड्यांचे टोचे केले, तोवर त्याच्या बायकोने, गोदूने, काही म्हटलं नाही. आज मात्र देवाची सहाण नाहीशी झाली. देवांना गंधाविनाच पुजून ती पडवीत आली, तर तो सहाणेवर पटाशीला धार लावत होता.

"अवो, सासूबाईंची सहाण ती! मला इचारलंत तरी का?"

"इचारलं की सकाळी! न्हाय कुठं म्हनलीस?"

पूजा होईपर्यंत गोदूचं मौन असतं, हे अख्ख्या आळीला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी तो तोंडात चार खिळे धरून फळी ठोकत होता. गोदूने त्याचा सागवानी रंधा उचलला आणि हळूच विचारलं, "चुलीत घालू का ह्यो?"

 

खिळे दातांत धरून तो नुसताच "उं... उं..." करू लागला.

"न्हाय कुठं म्हनलात?" असं म्हणून ती चुलीकडे वळली.