शेवटचे ऐंशी मीटर

चर खणणाऱ्या मशीनचा दात खडकावर खाडकन आपटला. ड्रायव्हरनं इंजिनच बंद केलं.

"ताई, खाली सगळा काळा पाषाण हाय. ठेकेदार म्हणत्यात, केबल शाळंपर्यंतच ठिवा."

इंटरनेटची केबल जोडायला बावड्याहून आलेल्या मेहजबीननं समोर पाहिलं. वरकुट्याची ती वस्ती अवघी ऐंशी मीटरवर राहिली होती. बारा घरं, आणि एका घरातही फोनला धड रेंज नाही. पेरूच्या बागेमागच्या टेकाडावर चढलं तरच आवाज यायचा, तोही तुटत तुटत.

"उद्या संध्याकाळपर्यंत मी थांबते," ती वस्तीवरच्या लोकांना म्हणाली. "हातानं चर खणून द्या. केबल मी नेते."

दहा-बाराजण पहारी घेऊन आले. दुपारपर्यंत हाताला फोड आले, पेरूची तोडणीही खोळंबली होती. एकेकजण निघून गेला. मागं राहिला तो भीमा. चाळिशीचा, काटक गडी. खडकावर छिन्नी धरायची, घण घालायचा, कपची उडवायची. अंधार पडेपर्यंत त्यानं मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी मेहजबीन यायच्या आधीच तो चरात उतरला होता.

भीमाचा चुलतभाऊ मानसिंग बांधावर उभा होता. "ह्याला जल्मापासनं ऐकू येत न्हाय, बोलता येत न्हाय. फोन घिऊन हा करणार काय? उगं मरमर!"

मेहजबीननं ओढणी कमरेला खोचली, घमेलं उचललं आणि चरात उतरून दगड भरू लागली. ते बघून मानसिंगनंही पहार उचलली.

दिवस कलायला चर वस्तीला भिडला. केबल पडली, जोडली गेली, वायफायच्या डबीवर हिरवा दिवा लागला. सगळ्यांनी खिशातून फोन काढले.

भीमानं हातपाय धुतले, अंगात धुतलेला सदरा घातला आणि काच तडकलेला एक फोन मेहजबीनपुढं धरला. तिनं तो वायफायला जोडून दिला. भीमानं स्वतःच एका बाईच्या फोटोवर बोट दाबलं.

पलीकडं ती बाई दिसली. भीमाला बघून ती क्षणभर थिजली, मग तिनं फोन कशाला तरी टेकवून ठेवला आणि दोन्ही हात उचलले. भीमानंही फोन ओट्यावर उभा केला. दोघांचे हात भराभर चालू लागले. भीमानं फोड दाखवले, खडक दाखवला. ती हसली, रडली, रागावली. मध्येच भीमा खदखदून हसला. वस्तीवर कित्येक महिन्यांत कुणी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं.

"कोण त्या?" मेहजबीननं हळूच विचारलं.

मानसिंगनं स्वतःचा फोन खिशात घातला.

"ठमाबाई. धाकटी भन त्याची, कोऱ्हाळ्याला दिलीया. ती बी जल्माची अशीच. दिवाळीला म्हायेरी आली की दोघं बोलायची. बाकी वरीसभर दोघंबी गप."