दुसऱ्या तपासणीला न आलेले

कारखान्यातल्या कामगारांचा रक्तदाब कशाने वाढतो, याचा अभ्यास त्याने पुरा केला. मीठ धोक्याचं निघालं, तंबाखूही निघाली. रात्रपाळीचा मात्र काडीचा संबंध दिसला नाही. दोन वर्षांनंतरच्या दुसऱ्या तपासणीला जे आले नव्हते, त्यांना त्याने नेहमीच्या पद्धतीने आधीच वगळलं होतं.

तो तडक वहिनींकडे गेला. रात्रपाळीतच कोसळून गेलेल्या दादाच्या जागेवर कारखान्याने आता त्यांना बोलावलं होतं आणि त्या कचरत होत्या.

"वहिनी, बिनघोर जा. मी स्वतः हिशेब केलाय."

"तुम्ही म्हणताय म्हणजे झालं, भाऊजी." त्यांचा चेहरा सैल झाला. "यांनाही धरलं असेल ना त्यात?"

त्याने वगळलेल्यांची यादी मनातल्या मनात चाळली. दुसऱ्या तपासणीच्या आधीच तो दादाला स्मशानात पोचवून आला होता.